गाणं लंडनचं, गळा मलावीचा

'स्लमडॉग मिलिअनेर' पाहिलेल्यांना धावत्या रेल्वेतली ती दोन पोरं आठवत असतील. जमाल आणि सलीम गाडीत फिरून मिळेल ते विकतात, टपावर चढतात, आणि मागे एक सुस्त, झुलतं गाणं वाजत राहतं. मध्येच बंदुकीचे बार आणि दुकानाच्या गल्ल्याचा 'खण्ण' आवाज. 'जय हो' घराघरांत पोचलं. हे दुसरं मात्र अनेकांच्या लेखी 'ते मागचं इंग्रजी गाणं' एवढंच राहिलं. गाण्याचं नाव 'पेपर प्लेन्स', गायिका एम.आय.ए., म्हणजे लंडनमध्ये जन्मलेली, श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबातली माथंगी अरुलप्रगासम.

सिनेमा आला २००८ साली. त्याच वर्षी लंडनमध्ये मलावीच्या एका माणसाने याच गाण्यावर चिचेवा भाषेत स्वतःचे शब्द, स्वतःची चाल चढवली आणि त्याला नाव दिलं 'तेंगाझाको'. गाणारा होता इसाऊ म्वाम्वाया.

इसाऊ मलावीच्या उत्तरेकडल्या म्झुझूचा, वाढला राजधानी लिलाँग्वेत. गावी असताना तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो लंडनला आला आणि पूर्व भागातल्या क्लॅप्टनमध्ये त्याने जुन्या फर्निचरचं दुकान टाकलं. त्याच रस्त्यावर 'रेडिओक्लिट' या जोडीचा स्टुडिओ होता: योहान ह्यूगो हा स्वीडिश आणि एतिएन त्राँ हा फ्रेंच. एतिएनने इसाऊच्या दुकानातून एक सायकल विकत घेतली, ओळख झाली, घरभरणीच्या पार्टीचं आमंत्रण गेलं, तिथे योहान भेटला. पुढचं सगळं या सायकलच्या सौद्यातून निघालं. संगीत कंपन्यांचे 'टॅलेंट' शोधणारे लोक त्या रस्त्याने कधी गेले असतील तर त्यांना कपाटं आणि खुर्च्याच दिसल्या असणार.

तिघांनी मिळून 'द व्हेरी बेस्ट' नावाखाली एक मिक्सटेप काढला. मिक्सटेप म्हणजे रीतसर अल्बम नव्हे. आपली नि इतरांची गाणी एकत्र जोडून, बहुतेकदा फुकट वाटलेला संग्रह. यात इसाऊने 'पेपर प्लेन्स'च नव्हे, तर ऑस्ट्रेलियाच्या 'आर्किटेक्चर इन हेलसिंकी'चं 'हार्ट इट रेसेस', अमेरिकेच्या 'व्हॅम्पायर वीकेंड'चं 'केप कॉड क्वासा क्वासा', अगदी मायकेल जॅक्सनलाही हात घातला. यातलं 'केप कॉड' तर मुळातच मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या पोरांनी काँगोच्या क्वासा क्वासा नाचाचं नाव नि आफ्रिकी गिटारचा ढंग उचलून गाणं केलं, आणि त्यावर खऱ्याखुऱ्या आफ्रिकेतला गळा येऊन बसला.

आता हे 'कव्हर' म्हणायचं का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. कव्हरमध्ये दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलं-वाजवलं जातं. त्यासाठी गीतकार-संगीतकाराचा हक्क पाहावा लागतो. सॅम्पलमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापून वापरतात, म्हणून त्या मुद्रणाच्या मालकाचीही परवानगी लागते. 'तेंगाझाको'मध्ये मागचं वाद्यसंगीत मूळ गाण्याचंच आणि गायन सर्वस्वी नवं. क्लबच्या दुनियेत या सीमारेषा फार कुणी पाळत नाही. तिथे गाणं हे डीजेच्या हातातलं कच्चं सामानच असतं.

शिवाय 'पेपर प्लेन्स' तरी 'मूळ' कुठे होतं? त्याचा सारा झोका 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडच्या १९८२ मधल्या 'स्ट्रेट टू हेल'च्या तुकड्यावर उभा आहे; म्हणूनच गीतकारांच्या यादीत क्लॅशच्या चौघांचीही नावं लागतात. ध्रुवपदाचा साचा १९९२च्या 'रम्प शेकर' या अमेरिकी रॅप गाण्यावरून आलेला. निर्माता डिप्लो, अमेरिकन. आणि विषय? परदेशातून आलेल्यांकडे संशयाने पाहणारं जग. एम.आय.ए.ला स्वतःलाच अमेरिकेच्या व्हिसासाठी अडवलं गेलं होतं, त्या अनुभवाची चीड या गाण्यात आहे. ते एका स्थलांतरिताच्या हाती पडावं, यात काही वावगं नव्हतं.

मुंबईलाही हा व्यवहार परका नाही. 'पेपर प्लेन्स' ज्या 'काला' (२००७) अल्बममध्ये आहे, त्यातच 'जिमी' नावाचं गाणं आहे: १९८२च्या 'डिस्को डान्सर'मधल्या 'जिमी जिमी आजा'चं सरळसरळ कव्हर. पार्वती खान यांनी गायलेल्या, बप्पी लाहिरींच्या त्या गाण्याची चाल १९८०च्या 'तेस ओके' या फ्रेंच डिस्को गाण्याशी किती जुळते, हे दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर लगेच कळतं. ते गाणारी 'ओटावान' ही जोडीही कॅरिबियन वंशाची, पॅरिसमध्ये गाजलेली. उसनवारीची ही साखळी कुठून सुरू झाली, हे शोधणाऱ्याला थांबायला जागाच मिळत नाही.

मात्र उसनवारी आणि हात मारणं यांत फरक आहेच. दक्षिण आफ्रिकेच्या स्पोएक माथाम्बोने २०११ च्या सुमारास 'जॉय डिव्हिजन' या बँडचं 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' टाउनशिपच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या, हाउस ठेक्यावर घेतलं. मँचेस्टरच्या त्या थंड गाण्याला त्याने केप टाउनच्या लांगा वस्तीत चित्रित केलेला व्हिडिओ जोडला आणि गाण्यातली भीती आणखी गडद केली. मूळ गाण्याचं ऋण तो लपवत नाही, पण त्याच्यापुढे वाकतही नाही. चांगल्या रूपांतराची कसोटी हीच.

'द व्हेरी बेस्ट' त्या कसोटीला उतरले, याचा पुरावा मिक्सटेपच्या पुढच्याच वर्षी मिळाला. २००९ मध्ये त्यांचा पहिला रीतसर अल्बम आला, 'वॉर्म हार्ट ऑफ आफ्रिका'. मलावीला याच नावाने ओळखतात. त्याचं शीर्षकगीत गायला 'व्हॅम्पायर वीकेंड'चा एझ्रा कोएनिग आला आणि 'रेन डान्स'मध्ये खुद्द एम.आय.ए. गायली. ज्यांची गाणी घेतली होती, तेच पाहुणे म्हणून दारात आले. वकिलाची नोटीस यायची तिथे साथ आली.

पुढे एतिएन बाजूला झाला आणि इसाऊ-योहान अशी जोडी उरली. २०१५च्या 'मेक्स अ किंग'साठी दोघांनी लंडन सोडून मलावी सरोवराकाठच्या खेड्यात बिऱ्हाड थाटलं नि तिथेच ध्वनिमुद्रण केलं. तो अल्बम अधिक पक्का आहे, यात शंका नाही. पण जुन्या फर्निचरच्या दुकानदाराने परक्या गाण्यांत बेधडक घुसण्याची जी गंमत मिक्सटेपमध्ये आहे, ती तिथे कमी सापडते. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी आधी क्लॅशचं 'स्ट्रेट टू हेल' लावावं, मग 'पेपर प्लेन्स', आणि शेवटी 'तेंगाझाको'. चिचेवाचा एक शब्द कळला नाही तरी अडत नाही.