नसांची टेस्ट: ‘डिमायलिनेटिंग’ या शब्दावर थांबू नका

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि ‘जीबीएस’ हे नाव मीरा-भाईंदरमध्येही लोकांच्या तोंडी आलं. त्यासाठी करतात ती नसांची टेस्ट, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, मात्र अजूनही नीट समजून घेतली जात नाही.

गैरसमज: रिपोर्टमध्ये ‘डिमायलिनेटिंग’ आलं, म्हणजे रोग कळला.
इतकंच कळलं की चेतातंतूवरच्या मायलिनच्या आवरणाला इजा झाली आहे. कशामुळे, ते इजेच्या तऱ्हेवरून ओळखायचं असतं. आपली लोकलच घ्या. विरारपासून चर्चगेटपर्यंत प्रत्येक गाडी सारख्याच कमी वेगाने धावते, हा झाला एक प्रकार. बाकी मार्ग ठीक, पण नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावर गाड्या अडकतात, हा दुसरा. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सगळ्या नसा सारख्याच मंदावतात. हातातल्या मीडियन नसेतून संदेश जाण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा जास्त असतो, तो इथे ३८च्या खाली येतो. नसांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या सीआयडीपीसारख्या, नंतर जडणाऱ्या आजारात मधेच अडथळा सापडतो आणि एकत्र निघालेले संदेश पांगून पोचतात. हा भेद लुईस आणि समनर यांनी १९८२ साली मांडला. त्याला अपवाद आहेत, म्हणून जनुकीय तपासणीही लागते.

हा भेद माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण उपचार त्यावर ठरतात. सीआयडीपीत स्टेरॉइडचा उपयोग होतो, जीबीएसमध्ये होत नाही. तिथे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हाच मार्ग. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी या नसांच्याच आणखी एका आजारात तर स्टेरॉइडने अशक्तपणा वाढू शकतो. शार्को-मारी-टूथमध्ये यातलं काहीच लागू पडत नाही, आणि चुकीच्या निदानामुळे महागडी इंजेक्शनं वाया जातात.

गैरसमज: टेस्ट नॉर्मल, म्हणजे जीबीएस नाही.
पहिल्या आठवड्यात ती नॉर्मल येऊ शकते. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जीबीएस चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो. सीआयडीपी आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहतो. त्यामुळे त्रास नेमका कधी सुरू झाला, ही तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गैरसमज: वेग कमी, म्हणजे आजार नक्की.
हात गार असला तरी वेग कमी दिसतो. एसीच्या खोलीत बराच वेळ बसला असाल, तर हातपाय ऊबदार करूनच तपासणी व्हायला हवी. रिपोर्टसोबत आलेखाची पानंही मागून घ्या, दुसऱ्या टेस्टच्या वेळी ती शेजारी ठेवून पाहता येतात.