'पानी' अशुद्ध कोणी ठरविले?

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदनेनंतर मुलांचा वर्ग बसतो. परवा चौथीतील एका मुलीची वही हाती आली. 'माझी आई' या निबंधात तिने लिहिले होते, "आय पहाटं पानी भरती आन कामाला जाती." गुरुजींनी जवळजवळ प्रत्येक शब्दावर लाल रेघ ओढून खाली शेरा मारला होता, 'अशुद्ध'. तिच्या मैत्रिणीने गाईडमधून उतरविलेल्या निबंधात आई 'वात्सल्यसिंधू' होती; तिला दहापैकी नऊ! वात्सल्यसिंधू म्हणजे काय, असे विचारले तर पोर गप्प.

शुद्ध-अशुद्ध हे शब्द आम्हाला नवे नाहीत. पाणवठ्यावर ऐकले, आता व्याकरणाच्या तासाला ऐकतो आहोत.

१८५५ साली 'ज्ञानोदय'ने मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतील ती मातंग विद्यार्थिनी. तिला 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला लावले असते तर? १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की शाळेत घातलेल्या शंभर मुलांतील अवघी १८ चौथी गाठतात. आज चौथी गाठली जाते, पण स्वतःचे चार शब्द लिहिण्याची भीती तशीच आहे.

प्रमाण मराठी शिकवू नका, असे माझे म्हणणे नाही. मी वकील आहे. अर्जात एक 'नाही' गळला तर पक्षकाराची जमीन जाते. प्रश्न रीतीचा आहे. आम्ही त्या मुलीचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले, सर्वांनी मोठ्याने वाचले. शेजारी पुस्तकी वाक्य लिहिले, 'आई पहाटे पाणी भरते.' काय बदलले ते मुलांनीच शोधले. मग आईच्या जागी 'दादा' घातला. 'भरते'चे 'भरतो' झाले. क्रियापद कर्त्यामागे जाते हे व्याख्येविना कळले. दादा पाणी भरतो म्हणताच मुलगे मात्र खो-खो हसले! त्यावर अर्धा तास गेला, तो वाया गेला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ कृतीतून, भयमुक्त आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगते. कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. आमचे किती पालक त्या बैठकीला जातात? नुसती सही करून परतू नका. मुलाची मराठीची वही सोबत न्या, टेबलावर उघडून ठेवा, आणि लाल रेघेखाली मूल काय सांगत होते ते गुरुजींना वाचून दाखवायला सांगा.