ठासणीची बंदूक आणि बिनधुराची दारू

कोकणात रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर बाळगलेली बंदूक पुष्कळदा ठासणीची असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर शिसे घालून गजाने ठासायचे, मागच्या छिद्रावर टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. १८५७मध्ये गाजलेली एन्फिल्डही तोंडाकडूनच भरली जाई. या बंदुकांची घडण काळ्या दारूला धरून झालेली आहे.

काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळाली की निम्म्याहून अधिक वजन धूर आणि काजळीच्या रूपाने उरते. वायू त्याहून कमी. दाब वाढला तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. म्हणून हाताच्या मापातली थोडी चूक ती बहुधा पोटात घालते.

१८८४मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होते. मुख्य म्हणजे दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. काडतुसात कारखान्यात तोललेली दारू असते. ठासणीच्या बंदुकीत मात्र प्रत्येक बाराचे माप माणसाच्या हातात. एकदा भरलेला बार विसरून दुसरा भरला, किंवा शिसे दारूपर्यंत न पोचता मध्येच अडकले, तर नळी फुटू शकते. आणि फुटते ती चेहऱ्याजवळ.

मग बिनधुराची दारू चालणाऱ्या ठासणीच्या रायफली नाहीतच का? आहेत. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने २०००च्या सुमारास ‘१० एमएल’ ही तशी रायफल बाजारात आणली. पण तिची नळी आणि मागचा भाग त्या दाबासाठीच घडवलेला होता. तिथेही निर्मात्याने सांगितलेलीच दारू, सांगितलेल्याच वजनाने भरायची. काळ्या दारूचे आकारमानाचे माप तिला लावायचे नाही.

बंदूक दिसायला नवी आहे, पोलाद चांगले आहे, एवढ्यावर भागत नाही. निर्मात्याने लेखी मुभा दिली नसेल, तर काडतूस फोडून काढलेली दारू चिमूटभरसुद्धा ठासणीच्या नळीत जाता कामा नये. सुरक्षित वापराचा नियम एवढाच आहे.