भुवईखालचा अंधार

पाम कापला की आधी वास येतो. आंबूस, किंचित गोडसर, माडीचं मडकं उन्हात राहिल्यावर येतो तसा. सॅन दिएगोतल्या आमच्या गल्लीत एक मेक्सिकन फॅन पाम पाडत होते. बुंध्याचा एक तुकडा देता का, असं मी कामगारांना विचारलं. टाकायला न्यायचा त्यांचा त्रास वाचला. 4 फूट लांब, 1 फूट व्यासाचा ओंडका, पण आतलं पाणी इतकं की तिघांनी लोटत तो परसात आणला.

टिकी, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या धाटणीची लाकडी मूर्ती, कोरायचा नाद मला शेजारच्या आजोबांमुळे लागला. गोदीत सुतारकाम करून ते निवृत्त झालेले. सुटीच्या सकाळी त्यांच्या अंगणातून मोगरीचा आवाज यायचा. त्या आवाजामागे मी कुंपणापाशी गेलो आणि तिथेच रमलो. माझं आजोळ मालवणकडचं. माडाच्या बुंध्याचा साकव मी लहानपणापासून ओलांडलेला, पण त्याच कुळातल्या झाडाच्या खोडातून चेहरा काढता येतो हे तोवर ठाऊक नव्हतं.

पामचं खोड सागा-फणसासारखं नसतं. त्यात वर्षावर्षाची वलयं नसतात. शेकडो दोरे उभे धरून भोवती मऊ गर भरावा, तशी त्याची घडण. कडेला हे दोरे दाटीवाटीने असतात म्हणून बाहेरचा थर टणक, आणि मध्याकडे जावं तसं खोड भुसभुशीत होत जातं. पटाशी आडवी गेली तर दोरा तुटतो, उभी गेली तर अख्खा दोरा सालीसारखा सुटून येतो. शिवाय पामच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. दर अर्ध्या तासाने मी पटाशी दगडावर घासतो.

साल सोलून झाली की समोरच्या बाजूला खडूचं सूत मारायचं. ही मधली रेघ. तिच्यावर भुवया, नाक, ओठ, हनुवटी यांच्या आडव्या खुणा. मग भुवईच्या खाली करवतीचा आडवा काप घ्यायचा, आणि डोळ्याच्या बाजूने पटाशी वर नेत त्या कापापर्यंत लाकूड काढायचं. काप आधी हवाच. तो नसला तर दोरा भुवईत शिरतो आणि कपाळासकट उपटून येतो. ढलप्या ओल्या असतात, बुटाला चिकटतात, दुपारपर्यंत वाळून खोबऱ्याच्या किसासारख्या हलक्या होतात.

पहिल्या टिकीत मी सगळं नीट रेखलं होतं. डोळे सारखे, ओठ सरळ, दातांच्या चौकटी मोजून. आजोबांनी ओंडका फिरवून त्यावर तिरपं ऊन येऊ दिलं आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले. चेहरा दिसतच नव्हता. नुसत्या रेघा होत्या, पाटीवर काढाव्यात तशा. भुवईखाली मी जेमतेम इंचभर गेलो होतो, तिथे सावली धरायला जागाच नव्हती. ‘‘अजून खोल,’’ एवढंच ते म्हणाले.

खोल जायची भीती खरी असते. काढलेलं लाकूड परत लागत नाही. मी घाईने नाकाशेजारी पटाशी उभी घातली आणि एक जाड दोरा सुटला, तो डावी नाकपुडी घेऊनच. मला फार वाईट वाटलं. मग नाक अरुंद करावं लागलं, नाक अरुंद झालं म्हणून गाल मागे न्यावे लागले, गालांमुळे डोळे आणखी आत गेले. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचला होता, आणि अंगणात कुणीतरी उभं आहे असं पहिल्यांदा वाटलं.

हे खोलपण कुठून आलं, ते पाहायला मी पुढे पुस्तकं चाळली, संग्रहालयांतली चित्रं पाहिली. माओरींच्या कथांत टिकी हा पहिला पुरुष. मार्केसास बेटांवर माणसाच्या घडणीच्या मूर्तीला टिकी म्हणतात, हवाईच्या भाषेत त्याचंच कीई होतं. तिथले कारागीर दगडी पात्याच्या वाकसाने लाकूड तासत. हवाईत 1819 मध्ये धार्मिक निर्बंधांची जुनी कापू व्यवस्था मोडली आणि देवळांतल्या मूर्ती मोठ्या प्रमाणावर जाळल्या गेल्या. कू या देवाच्या मोठ्या मूर्तींपैकी तीनच आज उरल्या आहेत. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एक अमेरिकेत सेलमला, एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये. 2010 मध्ये त्या तिन्ही होनोलुलूला एकत्र उभ्या केल्या होत्या. लंडनची मूर्ती नीरफणसाच्या लाकडाची आहे. हे वाचल्यापासून आजोळच्या परसातला नीरफणस मला वेगळाच दिसतो. ज्याची आपण कापं तळतो, त्याच झाडातून त्या लोकांनी देव उभा केला.

अमेरिकेत मात्र टिकी आला तो दारूच्या पेल्याबरोबर. 1933 मध्ये हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ नावाचा बार निघाला, आणि पुढे अशा बारची लाट आली. त्यांना मूर्ती पुरवणारं व्हिटियरचं ‘ओशियानिक आर्ट्स’ 1956 पासून 2021 पर्यंत चाललं. त्या कारागिरांचा हात मोठा होता, याबद्दल मला शंका नाही. पण आमच्याकडच्या देवतरंगाचा मुखवटा कुणी गुत्त्यात टांगला तर माझ्या पोटात कालवेल. म्हणून कूचं ते उघडं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तोंड मी कोरत नाही. माझे चेहरे माझ्या मनातले. सावली कशी धरायची, तेवढं त्या जुन्या मूर्तींकडे पाहून शिकतो.

कोरून झालं की ओंडका सावलीत उभा करतो. पहिला मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला होता, आठवड्यात त्यावर पांढरी बुरशी धरली. आता वारा लागू देतो. काही महिन्यांत गाभा आत बसतो, दोरे वर येतात, चेहरा म्हाताऱ्यासारखा सुरकुततो. मला तो तसाच आवडतो. मग ब्लोटॉर्च फिरवायचा. अंगावरचं तूस चुरचुरत जळतं, तारेच्या ब्रशने काजळी झाडली की उंचवटे तांबूस दिसतात आणि खाचा काळ्या राहतात. दोनदा तेल पाजायचं. मातीवर ठेवायचा नाही, बूड कुजतं. खाली फरशी हवी.

परवा दुसरा ओंडका आला. साल काढून झाली, सूतही मारलं. भुवईच्या खुणेशेजारी पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला आहे: 3 इंच.