तळ्याकाठची सायकलवाट

तळ्याभोवती सायकलने फेरी मारणे सोपे असते का? पाणी सपाट असते, म्हणून काठची वाटही सपाट असेल, असे आपल्याला वाटते. हा समज खरा नाही.

आमच्या कोरेगावाहून सातारा सुमारे २० किलोमीटर आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर गेले, की कासचे तळे लागते. एका हिवाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ तेथे निघालो. रात्री साताऱ्यात मुक्काम केला आणि पहाटे घाट चढू लागलो.

आमच्या सायकली डोंगरी होत्या. अशा सायकली १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तयार होऊ लागल्या. त्यांचे टायर रुंद व खाचांचे असतात. त्यामुळे खडीवर चाक सहसा घसरत नाही. त्यांना गिअरही असतात. समजा, पुढच्या चक्राला २४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला ३२. मग पायडल एकदा फिरवले, की मागचे चाक पाऊण वेळाच फिरते. वेग कमी होतो, पण चढ सोपा जातो. चढ सुरू होण्याआधीच गिअर बदलावा. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर स्वार पुढे फेकला जातो.

तळ्यावर पोहोचताच भाऊ म्हणाला, "भाईजान, समोरचा काठ तर हा काय! तासाभरात फेरी पूर्ण करू."

पण डोळ्यांना दिसते ते सरळ अंतर असते. वाट मात्र काठाकाठाने जाते. जेथे ओहोळ तळ्याला मिळतो, तेथे पाणी डोंगराच्या कुशीत आत शिरलेले असते. तेवढा वळसा वाढतो. शिवाय प्रत्येक ओहोळात उतरावे लागते आणि पुन्हा चढावे लागते. थोड्याच वेळात भाऊ सायकल हातात धरून चालू लागला.

मी त्याला एक हिशेब सांगितला. फेरीची वाट अर्धी संपली, की मागे फिरण्यात फायदा उरत नाही. कारण मग मागचे अंतर पुढच्यापेक्षा जास्त होते. म्हणून परतायचे की नाही, हे अर्ध्या वाटेच्या आधीच ठरवावे. भाऊ थोडा हिरमुसला, पण आम्ही तेथूनच परतलो आणि उजेडात साताऱ्याला पोहोचलो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कासच्या तळ्याचे पाणी सातारा शहर पिते. त्यात सायकल धुऊ नये. जवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरले. तेथील जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्याच थरात पावसाळ्याच्या उत्तरार्धात रानफुले फुलतात. चाकाखाली तो उखडला, तर लवकर भरून येत नाही. म्हणून सायकल रस्त्यावरच ठेवावी.

आमची फेरी अपुरी राहिली, पण त्याचे वाईट वाटत नाही. आपली शक्ती ओळखून वेळेवर परतणारा पुन्हा निघू शकतो.