हौदांतील मोठ्या माशांचें खाणें : स्वस्त व निरोगी

आमच्या झरी जामणी तालुक्यांत मासा म्हणजे पैनगंगेचा, अगर ढिवरानें बाजाराच्या दिवशीं टोपलींत घालून आणलेला, अशीच समजूत पूर्वापार आहे. शोभेकरितां मासा पाळणें हा शहरचा षोक. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील पुष्कळ घरचीं मुलें नागपूर, चंद्रपूर, पुणें येथें नोकरीस गेलीं, त्यांच्या बिऱ्हाडीं कांचेच्या पेट्या आल्या, आणि बोटाएवढे म्हणून घेतलेले मासे दोन-तीन वर्षांत पेटींत मावेनासे झाले कीं त्यांची रवानगी गांवाकडील वावरांतल्या हौदांत होऊं लागली. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही सरकारी योजना निघाल्यापासून अस्तर घातलेलीं शेततळींही ठिकठिकाणीं झालीं आहेत. तेव्हां जागेची अडचण राहिली नाहीं. अडचण आहे ती त्यांना रोज काय घालावें व किती घालावें, ही. याविषयीं आमच्या अनुभवास आलेलें व चौकशीअंतीं समजलेलें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या मुलानें नागपुराहून आठ मासे आणून विहिरीजवळच्या हौदांत सोडले. हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद व चार फूट खोल आहे. आठांपैकीं सात कोई जातीचे होते व एक ऑस्कर. कोई हा कोणी परका प्राणी नव्हे. आपल्या तळ्यांतून सायप्रिनस म्हणून जो मासा सोडतात त्याचाच हा रंगीत भाऊ. जपानांत निइगाता भागांतील भातशेती करणाऱ्या कुणब्यांनीं एकोणिसाव्या शतकांत रंगीत पिलें वेगळीं काढून ही जात घडविली. म्हणजे बियाणें निवडण्याची जी रीत आपण ज्वारीच्या कणसांस लावतों तीच त्यांनीं माशांस लावली. ऑस्कर मात्र दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचा, उष्ण पाण्यांतला व मांसाहारी. त्याची हकीकत पुढें येईल.

आरंभीं मुलानें आणून दिलेलें पाकिटांतील खाद्य आम्ही घालीत होतों. तें संपल्यावर पुन्हां विकत घेण्याचें मनांत येईना, कारण त्याचा भाव दुभत्या म्हशीच्या ढेपेच्या कितीतरी पट होता. मग भाकरीचे तुकडे, शिळा भात, मुरमुरे, फुटाणे, जें हातीं लागेल तें हौदांत जाऊं लागलें. मासे कांठाशीं येऊन तोंड उघडीत, घरीं येणाऱ्या प्रत्येकास त्याची मौज वाटे, व जो तो मूठभर टाकी. श्रावणांत आठवडाभर आभाळ दाटून राहिलें असतां एके दिवशीं उजाडतां दोन कोई उलटे तरंगत होते व बाकीचे पाण्याच्या पृष्ठावर तोंड काढून धापा टाकीत होते. सुटीसाठीं आलेल्या नातवानें विचारलें, “आबाजी, त्यांना भूक लागली होती काय?” आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं, कारण आदल्या सायंकाळींच पाहुण्यांनीं चार मुठी मुरमुरे व उरलेला भात घातला होता, आणि माशांनीं तो चढाओढीनें खाल्ला होता. पैनगंगेकांठचा एक वृद्ध ढिवर त्या दिवशीं घरीं आला होता. त्यानें ओंजळभर पाणी घेऊन त्याचा वास घेतला व एवढेंच म्हटलें, “बाबूजी, मासा उपाशी नाई मरत, खाऊन मरते.”

हें बोलणें शब्दशः खरें आहे, असें पुढें चौकशी केल्यावर आढळलें. कोई व सायप्रिनस यांना, तसेंच आपल्या रोहू-कटल्यांना, जठर असें नसतेंच. अन्न घशांतून सरळ आंतड्यांत जातें. एका वेळीं पुष्कळ सांठवून तें सावकाश पचविण्याची सोय त्यांच्यापाशीं नाहीं. दिवसभर थोडें थोडें टिपून खाणारे हे प्राणी आहेत. जास्त घातलेल्या अन्नाचा कांहीं भाग न पचतांच बाहेर पडतो, कांहीं तळाशीं कुजतो. आणि जें पचतें त्यांतील जास्तीचें नत्र अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत उतरतें. युरिया जास्त पडला तर पीक जळतें हें आपणांस माहीत आहे. येथें तर मासा त्याच पाण्यांत श्वास घेत असतो. शिवाय मुकुटबनकडील हा सारा प्रदेश चुनखडीचा. आमच्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाहीं. अशा क्षारधर्मी पाण्यांत अमोनिया अधिक विषारी होतो, व नव्या सिमेंटच्या हौदांत ही तीव्रता आणखी वाढते. म्हणून नवा हौद तीन-चार वेळां भरून रिकामा केल्यावांचून त्यांत मासा सोडूं नये.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. २० अंश उष्णतेच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, ३० अंशांस तो साडेसातांच्या आसपास येतो. दिवसा उन्हांत शेवाळ प्राणवायु सोडतें. रात्रीं तेंही घेतें, मासाही घेतो, आणि तळाची घाण कुजण्यासही तोच लागतो. त्यामुळें पहांटे पाण्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो. आभाळाचा आठवडा, आदल्या सायंकाळचा भात, आणि पहांटेची वेळ, या तिघांनीं मिळून आमचे दोन मासे नेले.

येथें कोणी विचारील कीं वाडा तालुक्यांत वैतरणेकांठीं तिळसे येथील महादेवाच्या डोहांत, किंवा महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत, भाविक लोक पिढ्यान्‌पिढ्या माशांना लाह्या-चुरमुरे घालतात, मग तेथील थोर महसीर कसे जगतात? त्यांचें उत्तर वाहत्या पाण्यांत आहे. नदी त्यांची घाण रोज वाहून नेते, व लाह्यांखेरीज त्यांस नदींतलें आपलें खाणें मिळतें. हौदांतला मासा आपण घालूं तेंच खातो आणि आपण काढूं तेव्हांच त्याचें पाणी बदलतें.

आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला असल्यामुळें जें नोंदलें नाहीं तें झालेंच नाहीं असें समजण्याची आम्हांस संवय आहे. आश्चर्य एवढेंच कीं माशांच्या बाबतींत ती संवय आम्हीं आधीं गुंडाळून ठेविली. त्या श्रावणानंतर प्रथम वजन केलें. बादलींत पाणी घेऊन ती कांट्यास लावावी, मग मासा ओल्या कापडानें उचलून तींत सोडावा व फरक लिहून ठेवावा. पांच कोई मिळून साडेचार किलो भरले. मोठ्या माशास दररोज वजनाच्या शेंकडा दीड इतकें कोरडें खाद्य पुरेसें होतें. म्हणजे सर्वांस मिळून ६५ ते ७० ग्रॅम, महिन्यास दोन किलो. पूर्वी आमच्या घरून रोज याच्या कितीतरी पट जात होतें. हें माप दोन वेळीं द्यावें : सकाळीं ऊन हौदावर आल्यानंतर आठाच्या सुमारास, व दुपारीं साडेचार वाजतां. पहांटे व दिवेलागणीनंतर देऊं नये. पांच मिनिटांत जें संपत नाहीं तें जाळीनें काढून झाडाच्या आळ्यांत टाकावें.

ऋतुमानाप्रमाणें माप बदलतें. मासा थंड रक्ताचा. पाणी निवलें कीं त्याची भूकही निवते. पाणी २० ते ३० अंश असेतों पूर्ण माप, १८ च्या खालीं निमें, १५ च्या खालीं एक दिवसाआड चिमूटभर. वैशाखांत हौदाचें पाणी ३२ च्या वर गेलें तरीही निमेंच द्यावें, व हौदावर पऱ्हाटीचा मांडव घालावा. पाण्यांत बुडवून पाहण्याची उष्णतामापक नळी थोडक्या पैशांत मिळते. अंदाजावर विसंबूं नये.

आतां खाद्य कसें करावें तें सांगतों. मोठ्या कोईस शेंकडा ३० च्या आसपास प्रथिनें असलेलें अन्न लागतें, आणि तें आपल्या घरांतूनच निघतें. भाजून दळलेलें सोयाबीन तीन भाग, भुईमुगाची ढेप दोन, तांदळाचा ताजा कोंडा दोन, ज्वारीचें अगर गव्हाचें पीठ दोन, व सुकटीची पूड एक भाग. ज्वारीचें पीठ अगोदर पाण्यांत शिजवून त्याची पेज करावी, म्हणजे बाकीचे जिन्नस तिच्यांत घट्ट बांधले जातात. हा गोळा उकडून सोऱ्यांतून शेवेप्रमाणें पाडावा, सावलींत कडकडीत वाळवावा व हातानें चुरून डब्यांत भरावा. पंधरा दिवसांपुरतेंच करावें. कोंड्यांतील तेल लवकर खवट होतें. कोंडा मूलकडील भातगिरण्यांतून येतो, बाकी सर्व तालुक्यांतलें.

सोयाबीन कच्चें घालूं नये. त्यांत प्रथिनांचें पचन अडविणारा पदार्थ असतो, तो भाजल्यानें अगर उकडल्यानें जातो. सरकीच्या ढेपेचा मोह आपल्या कापसाच्या मुलखांत प्रत्येकास होणार. गाय-म्हैस ती पचविते, परंतु तींतील गॉसिपॉल नांवाचें द्रव्य माशास बाधतें. आम्ही ती मुळींच वापरीत नाहीं.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा आहे, व तो स्वस्ताईच्या पोटीं येतो. पावसाळ्यांत दमट कोठींत राहिलेली ढेप जनावर हुंगून सोडतें, तेव्हां ती माशांकडे जाते. १९६० सालीं इंग्लंडांत बुरसलेल्या भुईमुगाच्या ढेपेमुळें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले. त्याच सुमारास अमेरिकेंतील मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या गांठी झाल्या, व त्याचें मूळ बुरसलेल्या सरकीच्या ढेपेंत सांपडलें. त्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें उकडल्यानें जात नाहीं, आणि वरची बुरशी पुसल्यानेंही नाहीं. ढेपेस वास आला अगर हिरवट डाग दिसला तर ती उकिरड्यांत घालून मोकळें व्हावें. जी गुरांस चालत नाहीं ती माशांस चालेल हा हिशेब आमच्याही घरांत होता.

हिरवा पाला आठवड्यांतून दोन-तीन वेळां द्यावा. बहुतेक माशांच्या शरीरांत क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तें न मिळाल्यास कणा वांकडा होतो. बारीक चिरलेली मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोंवळा पाला, किसलेलें गाजर, हें सर्व कोई आवडीनें खातात. पसरट टोपांत वाढविलेला अझोला तर जवळजवळ फुकट. रंग फिका पडूं लागल्यास झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड पिठांत मिसळतात. आमच्याकडे दसऱ्याचीं तोरणें याच कामीं येतात. परंतु फवारलेल्या वावराच्या बांधावरील पाला कदापि आणूं नये. २०१७ सालीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, तें आपण विसरलों नाहीं. मनुष्याचा जीव घेणाऱ्या या औषधांपैकीं कांहीं माशांस तर थेंबानेंही पुरतात. फवारणीचा पंप अगर हात हौदावर धुण्याची आमच्या घरीं आतां सक्त मनाई आहे.

ऑस्करविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तेथें दोष सर्वस्वी आमचा. तो मांसाहारी म्हणून त्यास बकऱ्याची काळजी व चरबीचे तुकडे आम्ही घालीत गेलों. उष्ण रक्ताच्या जनावराची चरबी अशा माशास पचत नाहीं, ही माहिती मागाहून मिळाली. पौषांत पाणी गार पडलें, त्यानें खाणें सोडलें, आणि आम्ही तो अशक्त झाला म्हणून आणखी घालूं लागलों. चौथ्या दिवशीं तो गेला. ज्यांच्याकडे असा मासा असेल त्यांनीं तो हिंवाळ्यांत घरांत उबेस ठेवावा, व स्वच्छ खताच्या खड्ड्यांतील गांडुळें, सोललेली कोळंबी, आणि वर सांगितलेल्या पिठांत सुकट दुप्पट करून केलेल्या वड्या द्याव्यात. नुसतीं एकाच जातीचीं लहान कच्चीं मासळी रोज घालूं नये. कांहीं मासळींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें. थाई मांगूर हा स्वस्तांत पोसणारा मोठा मासा म्हणून कोणी देऊं केल्यास घेऊं नये. खाटिकखान्याचें टाकाऊ मांस खाऊन तो वाढतो हें खरें, परंतु त्याच्या पालनास देशांत २००० सालापासून बंदी आहे, आणि एक जरी पुराच्या पाण्यांत नाल्यानें पैनगंगेस मिळाला तर तेथील देशी मासळीचें बीज तो खाईल. नकोसा झालेला कोई अगर ऑस्करही नदींत सोडूं नये.

सध्यां आमच्याकडे पांच कोई आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारीं वजन होतें व तक्ता भरला जातो. नातू सुटींत आला कीं तें काम त्याचें. पाहुण्यांची हौस मोडूं नये म्हणून हौदाच्या कठड्यावर एक लहान डबी ठेविली आहे. सकाळीं माप काढतांना त्यांतील चौथाई हिस्सा तींत घालतों. ती रिकामी झाली कीं त्या दिवसाचे पाहुणे संपले.