आयला बेटाचा धूर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचं बेट आहे. नाव ऐकून मराठी माणसाला हसू येईल, पण तिथला उच्चार हाच आहे. शिवाय त्या बेटावरची लफ्रॉइग ही व्हिस्की पहिल्यांदा हुंगल्यावर तोंडून नेमका तोच शब्द निघण्याची शक्यता फार. टिंचर आयोडीन, दवाखान्यातली पट्टी, विझलेल्या बंबाची राख आणि समुद्राचा खारा वारा, सगळं एका ग्लासात.

गंमत अशी की यातलं काहीही वरून घातलेलं नसतं. सिंगल माल्ट स्कॉचचा कच्चा माल मोजका आहे: मोड आणलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट. कायद्याने वरून फक्त रंगासाठी साधं कॅरामल चालतं. नाचणीला मोड आणून, ती वाळवून सत्त्व करतात, तशीच इथली सुरुवात. मोड आले की दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारी विकरं तयार होतात, आणि मग दाणे वाळवून मोडांची वाढ थांबवावी लागते. आयलावर झाडं कमी, दलदलीत साठलेलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, मात्र भरपूर. म्हणून ते कापून, सुकवून जाळायचे. त्या धुरातली फिनॉल नावाची रसायनं दाण्याला चिकटतात आणि पुढची सगळी वर्षं साथ सोडत नाहीत.

मात्र आयला म्हणजे धूर, असं समीकरण मांडू नये. त्याच बेटावरच्या बूनाहावनची बहुतेक व्हिस्की बिनधुराची असते. स्पेसाइड, हायलँड, लोलँड, कॅम्पबेलटाउन, आयला हा नकाशा कायद्याने आखला आहे. चवी त्याचं नेहमी ऐकत नाहीत.

‘सिंगल’ या शब्दानेही गैरसमज होतो. त्याचा अर्थ एकच डिस्टिलरी, एकच पिंप नव्हे. एका बाटलीत कितीतरी पिंपांतला माल एकत्र केलेला असू शकतो, आणि लेबलावरचं वय त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं. या डिस्टिलऱ्यांचा बराचसा माल पिढ्यान् पिढ्या ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणातच, जिरत होता. जॉर्ज स्मिथ यांनी ग्लेनलिव्हेटसाठी परवाना घेतला तो 1824 साली, पण सिंगल माल्ट म्हणून स्कॉटलंडबाहेर जोरात विकण्याचं धाडस ग्लेनफिडिकने केलं ते 1963 मध्ये.

धुराइतकीच मोठी करामत तांब्याची. बार्लीच्या गोड पाण्यात यीस्ट घातलं की काही दिवसांत बिअरसारखं आंबवण तयार होतं. पेर, सफरचंद, पिकलेलं केळं यांचे वास याच टप्प्यावर जन्मतात. मग ते आंबवण तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदा गाळतात. तांबं गंधकाचे उग्र वास शोषून घेतं. भांड्याची मान किती उंच, यावरही बरंच अवलंबून. ग्लेनमॉरंजीच्या भांड्यांच्या माना पाच मीटरहून उंच आहेत. तेवढं चढून पलीकडे जाणारी वाफ हलकी, म्हणून दारूही नाजूक. मॅकॅलनची भांडी बुटकी, तिचा माल तेलकट आणि जड.

भांड्यातून निघणारी दारू पाण्यासारखी नितळ असते. तिला सोनेरी करतं ते ओकचं लाकूड. स्कॉच म्हणवून घ्यायला पिंपात किमान तीन वर्षं काढावीच लागतात, तीही स्कॉटलंडमध्येच. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला नवं, आतून जाळलेलं पिंप सक्तीचं आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं तिकडे निकामी ठरतात आणि स्कॉटलंड ती आनंदाने विकत घेतो. त्यांतून व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याचा गंध येतो. स्पेनच्या शेरीत भिजलेली पिंपं मनुका, सुकं अंजीर आणि मसाल्यांकडे नेतात.

पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के दारू उडून जाते. स्कॉटिश लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात हे देवदूत भलतेच तहानलेले. तिथल्या पॉल जॉनच्या पिंपांतून स्कॉटलंडच्या कितीतरी पट माल उडतो, म्हणून आपल्याकडची सिंगल माल्ट लवकर काढावी लागते. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट बाजारात आणली, तीही थेट ग्लासगोत. तिला स्कॉच मात्र म्हणता येत नाही.

हे सगळं ओळखायचं काम जिभेपेक्षा नाकाचं जास्त. ग्लास तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असावा, आणि हुंगताना ओठ किंचित उघडे, नाहीतर अल्कोहोल नाकाला झोंबतं. बर्फ टाकला की गंध गोठतात. परमिट रूममधली आपली सवय इथे मोडावी लागते. थोडं साधं पाणी मात्र उपकारक. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर हे तपासलं: धुराचा वास देणारं ग्वायाकॉल पाणी मिसळलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाजवळ गोळा होतं. वर आलं, की नाकाला सापडलं.

नवख्याने एका बाटलीवर मत बनवू नये. तीन छोटे घोट शेजारी ठेवावेत: बर्बनच्या पिंपांची ओळख करून द्यायला ग्लेनलिव्हेट, शेरीसाठी ग्लेनड्रोनाख आणि धुरासाठी लागावुलिन. क्रम हाच. लागावुलिन आधी घेतली, तर उरलेल्या दोघींचं म्हणणं ऐकूच येत नाही.